काळ्या यादीतला घरचा माणूस

कल्याणहून नगरकडे जाणारी एस. टी. मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत वैशाखऱ्याला येते. पावसाळ्यात दर शनिवारी-रविवारी पाठीला पिशव्या लावलेली शहरातली पोरे इथे उतरतात आणि नाणेघाटाची वाट विचारतात. वर गेले की गुहेतला नागनिकेचा शिलालेख, त्यातले दोन हजार वर्षांपूर्वीचे आकडे आणि बाहेर तो दगडी रांजण. या रांजणात जकातीची नाणी टाकत असत, हे आमच्या गावचे शेंबडे पोरही सांगेल. पैठण-जुन्नरकडचा माल या वाटेने उतरून कल्याण-सोपाऱ्याला जायचा आणि तिथून समुद्रापार.

जकातीबद्दल सगळेच बोलतात. मला मात्र वर्गात हा धडा शिकवताना दुसराच प्रश्न पडायचा. मालाची जकात झाली, पण माणसाचे काय? तू कुठला, कुणाच्या राज्यातला, तुझ्याजवळ कागद कोणता, असे त्या काळी कुणी विचारत होते का?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात याचे चोख उत्तर आहे. मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी एक माषक घेऊन मुद्रा द्यायचा. मुद्रा असेल त्यानेच जनपदात शिरावे किंवा बाहेर पडावे. देशातलाच माणूस बिनमुद्रेचा सापडला तर बारा पण दंड. खोटी मुद्रा दाखवली तर त्याहून मोठी शिक्षा, आणि दाखवणारा परदेशी असला तर सर्वांत मोठी. मुद्रा तपासायचे काम कुणाकडे, तर विवीताध्यक्षाकडे, म्हणजे कुरणांवरच्या अधिकाऱ्याकडे! गुरे आणि माणसे एकाच नजरेखालून. हा पुस्तकातला नियम झाला. आमच्या घाटावर काय दिसते? घाट चढून जुन्नरला गेलात तर तिथल्या लेण्यांत तीन यवनांची नावे कोरलेली आहेत. इरिल, चिट आणि चंद. एकाने पाण्याची टाकी खोदून दिली, एकाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. नाव, 'यवन' हा शब्द आणि दान, एवढ्यावर त्यांची ओळख संपते. परके म्हणून नोंद आहे, पण गावात धर्मादाय करायला त्यांना कुणी आडकाठी केलेली दिसत नाही.

पुढे दस्तके आली, राहदारीचे परवाने आले. पोर्तुगिजांनी तर समुद्रालाच फाटक बसवले. त्यांचा 'कार्ताज' नावाचा परवाना नसलेले जहाज ते पकडत आणि माल लुटत. विजापूरकरांच्या व्यापाऱ्यांना आणि मक्केला जाणाऱ्या मोगलांच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. पण हे सगळे कागद वाटेपुरते. वाट संपली की कागद संपला. माणूस जन्मभर कुणाचा, हे कागदावरून ठरवायची रीत फार अलीकडची आहे, शंभर-सव्वाशे वर्षांची. आणि ती रीत सुरू होत असतानाच आपल्या विदर्भातला एक तरुण जगभर हिंडत होता. त्याचीच गोष्ट आज सांगायची आहे.

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्म १८८४, वर्धा. मृत्यू २२ जानेवारी १९६७, नागपूर. मधल्या काळात हा माणूस जपान, अमेरिका, तुर्कस्तान, इराण, जर्मनी, रशिया आणि मेक्सिको इतके देश राहून आला. त्यातली बहुतेक वर्षे त्यांच्याजवळ स्वतःच्या देशाचा कागद नव्हता. म्हणजे मिळू शकत नव्हता असे नाही. मिळायचा, पण तो मागायला इंग्रज वकिलातीत जावे लागले असते, आणि आत गेलेला माणूस बाहेर आला नसता.

आज आपल्याला नवल वाटते की टिळकांच्या विचारांनी पेटलेला, खिशात फारसे काही नसलेला मुलगा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमार्गे अमेरिकेत पोहोचलाच कसा? तर तेव्हा पासपोर्ट (आमच्या पाठ्यपुस्तकात 'पारपत्र' असे, पण ते तोंडात कुणाच्याच बसले नाही) लागतच नसे म्हटले तरी चालेल. बोटीचे तिकीट आणि धडधाकट डोळे, छाती एवढ्यावर काम व्हायचे. ऑस्ट्रियाचा लेखक स्टेफान झ्वाइग यानेही आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की १९१४ पूर्वी तो हिंदुस्थानात आणि अमेरिकेत पासपोर्टावाचून जाऊन आला, आणि ही गोष्ट नव्या पिढीतल्या तरुणांना खरी वाटत नसे. पहिले महायुद्ध झाले आणि दारे लागली. युद्ध संपल्यावर ती पुन्हा उघडतील असे लोकांना वाटत होते. उघडली नाहीत. हिंदुस्थानात १९२० साली पासपोर्टाचा कायदाच झाला.

या झ्वाइगचे पुढे काय झाले तेही इथेच सांगून टाकतो, कारण तो आपल्या विषयाला धरून आहे. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. झ्वाइग तेव्हा इंग्लंडमध्ये राहत होता. देशच उरला नाही, तेव्हा पासपोर्टही रद्दी झाला. मग त्याला इंग्रज अधिकाऱ्यांकडे देशहीन माणसाचा एक पांढरा कागद मागावा लागला. जगभर ज्याची पुस्तके वाचली जात, तो माणूस नागरिकत्वाची वाट बघत त्या कागदावर दिवस काढत होता. १९४० मध्ये ते मिळाले. १९४२ मध्ये ब्राझीलमध्ये त्याने आणि पत्नीने जीवन संपवले. कागद मिळाला म्हणजे माणूस सावरतोच असे नाही.

असो. खानखोज्यांकडे येऊ.

अमेरिकेत त्यांनी सैनिकी शिक्षण घेतले, मग ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या कॉलेजांत शेतीशास्त्र शिकले. एका हातात बंदूक आणि एका हातात बियाणे, असा हा गृहस्थ. पॅसिफिक किनाऱ्यावर लाकूड कापणारे आणि शेतात राबणारे पंजाबी मजूर होते, त्यांच्यात यांची ऊठबस. १९१३ साली तिथे गदर पक्ष उभा राहिला, त्याच्या पहिल्या माणसांत खानखोजे होते. आपल्याकडचा आणखी एक तरुण त्यात होता, तळेगावचा विष्णू गणेश पिंगळे. तो युद्ध सुरू झाल्यावर हिंदुस्थानात परतला, पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभाबरोबर फासावर गेला. ज्यांना घरी यायला मिळाले त्यांचे असे झाले.

खानखोजे दुसऱ्या वाटेने निघाले. तुर्कस्तानातून इराणात आणि तिथून बलुचिस्तानच्या सरहद्दीकडे, म्हणजे हिंदुस्थानच्या मागच्या दाराशी. नाव मुसलमानी, वेष मुसलमानी. वर्ध्याच्या ब्राह्मणाच्या मुलाने इराणी टोळ्यांत मिसळून इंग्रजांशी लढायचे, जखमी व्हायचे, कैदेतून निसटायचे, हे सगळे कादंबरीत वाचले तर आपण 'काहीतरीच' म्हणू. मला यात एक गोष्ट लक्षात घ्यावीशी वाटते. या काळात त्यांचा बचाव झाला तो कागद नसल्यामुळे. खरे नाव लिहिलेला एक चिटोरा जरी अंगावर सापडला असता तरी खेळ संपला होता. पुढे शांततेच्या दिवसांत मात्र तेच नसणे गळ्यात आले.

युद्ध जर्मनी हरली. बर्लिनमध्ये जमलेल्या हिंदी क्रांतिकारकांना आधार उरला नाही. १९२१ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय (सरोजिनी नायडूंचे बंधू), भूपेंद्रनाथ दत्त (विवेकानंदांचे बंधू) वगैरे मंडळी मॉस्कोला गेली, त्यांत खानखोजेही होते. तिथे मानवेंद्रनाथ रॉय आणि यांचे जुळले नाही. हात हलवत परत आले. आता जायचे कुठे? हिंदुस्थानात फास. युद्धाच्या काळात गदरवाल्यांवर खटले चालवलेली अमेरिका १९१७ च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या पट्ट्यातल्या माणसांना बंद झाली होती.

अमेरिकेचा विषय निघाला म्हणून तिथे नागरिकत्व मिळवून बसलेल्यांचे काय झाले ते बघा. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की हिंदी माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. थिंड हे अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेले गृहस्थ. निकालानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वेही काढून घ्यायला सुरुवात केली. पेशावरहून बायकामुलांसह आलेले वैष्णोदास बगई हे त्यांतले एक. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान, घर, सगळे केलेले. नागरिकत्व गेले, त्यापाठोपाठ मालमत्ताही गेली. हिंदुस्थानात नातेवाइकांना भेटून यावे म्हणून पासपोर्ट मागितला तर उत्तर मिळाले, इंग्रजांचा घ्या. ज्या इंग्रजांचे राज्य नको म्हणून देश सोडला त्यांचाच! १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली आणि वर्तमानपत्रासाठी आपली कैफियत लिहून ठेवली.

थिंड यांच्या बाजूने लढलेल्या वकिलाचे नाव सखाराम गणेश पंडित. नाव ऐकून आपल्या आळीतला कुणी वाटावा. हे अहमदाबादकडचे, लॉस एंजेलिसला वकिली करत. १९१४ मध्ये त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले होते, आणि थिंड खटल्यानंतर सरकारने त्यांच्यावरच दावा लावला. त्यांनी युक्तिवाद मोठा व्यवहारी केला. मी नागरिक झालो या भरवशावर इकडचा वारसा सोडला, तिकडे वकिली उभी केली, घर घेतले, लग्न केले. आता तुम्ही शब्द फिरवलात तर माझी बायको, जी जन्माने अमेरिकन आहे, तिचेही नागरिकत्व जाईल. (तेव्हाचा कायदा असाच होता. नागरिक होऊ न शकणाऱ्या पुरुषाशी लग्न केलेल्या बाईचे नागरिकत्व जाई.) १९२६ मध्ये वरच्या कोर्टात ते जिंकले आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकायला नकार दिला. वकील होते म्हणून निभावले. दुकानदार बगईंना ते जमले नाही. अमेरिकेने हिंदी माणसाला नागरिक व्हायची वाट पुन्हा मोकळी केली ती १९४६ साली.

तेव्हा १९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोला गेले यात नवल नाही. तिथे १९१० पासून क्रांती होऊन गेली होती, जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांना वाटायचे चालले होते आणि शेती शिकवणारी माणसे हवी होती. अमेरिकेत असल्यापासून त्यांच्या तिकडे ओळखी होत्या. चापिंगोच्या राष्ट्रीय शेती विद्यालयात ते प्राध्यापक झाले. गहू, मका, सोयाबीन यांवर काम केले. मका म्हणजे मेक्सिकोची भाकरी. आपल्याकडे नाचणी-वरईला जो मान आमच्या आदिवासी पाड्यांवर आहे तो तिथे मक्याला. त्यांनी मक्याचे नवे वाण तयार केले आणि खेड्यातल्या शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या.

शिक्षक म्हणून मला या शाळांचे फार अप्रूप वाटते. इंग्रजांना बॉम्बने घालवायला निघालेला माणूस परक्या मुलखात, परक्या भाषेत, पोटापुरते पिकवणाऱ्या माणसांना बियाणे कसे निवडायचे ते शिकवतो आहे. आमच्याकडे कृषिसेवक यायचे तेही आठवते. असो, तो विषय वेगळा.

दिएगो रिव्हेरा हा तिथला मोठा चित्रकार. मेक्सिको शहरात शिक्षण खात्याच्या इमारतीच्या भिंतींवर त्याने १९२८ पर्यंत जी चित्रे रंगवली, त्यांतल्या 'आमची रोजची भाकरी' या चित्रात जेवणाच्या मेजाशी भाकरी वाटून देणारा जो माणूस आहे तो आपला खानखोजे. त्यांच्या मक्याची छायाचित्रे काढली ती तीना मोदोत्ती या इटालियन बाईने. योगायोग बघा, या बाईलाही १९३० साली मेक्सिकोतून हद्दपार केले गेले आणि १९३९ मध्ये ती खोट्या नावाने तिथे परत आली. त्या पिढीतल्या अशा माणसांची एक निराळीच जात होती, कागदावर नसलेल्यांची.

१९३६ मध्ये खानखोज्यांनी जान सिंदिक या बेल्जियन बाईंशी लग्न केले. दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया. नावे बघा! वर्धा सोडून तीस वर्षे होत आली होती. मेक्सिकोचे नागरिकत्व त्यांनी घेतले. त्याशिवाय काय करणार? जन्माने ते ब्रिटिश प्रजाजन, आणि ब्रिटिश त्यांना हिंदुस्थानात येऊ द्यायला तयार नव्हते. आईवडील इकडे, आणि हे तिकडे मक्याची कणसे मोजताहेत.

मग १९४७ आले.

आता कुणालाही वाटेल, संपली वाट बघणे. इंग्रज गेले, आता घरी. पण राज्य बदलले तरी कपाटे तीच राहतात, आणि कपाटातल्या फायलीही त्याच. इंग्रजांनी धोकादायक माणसांची जी काळी यादी केली होती ती स्वतंत्र भारताच्या कचेऱ्यांतही तशीच होती. ज्यांना हाकलण्यासाठी चाळीस वर्षे वणवण केली, त्यांनी लिहिलेल्या यादीवरून आपल्याच सरकारने खानखोज्यांना अडवले. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारला शेतीसुधारणेसाठी त्यांचा सल्ला हवा होता. १९४९ साली ते आले, पण मेक्सिकोचे नागरिक म्हणून, पाहुणे म्हणून, आणि ती यादीची अडचण पार करून.

त्या कारकुनावर मला फार रागावता येत नाही. त्याला यादी दिली होती, त्याने यादी पाहिली. यादी कुणी बदलायची हे ज्यांनी ठरवायला हवे होते, त्यांना ते सुचले नाही, हे जास्त लागते. स्वातंत्र्यानंतर पहिल्या महिन्यात करण्यासारखी जी कामे होती त्यांत हे एक असायला हवे होते, एवढे माझे स्पष्ट मत आहे.

तो काळही असा होता की कुणाचा देश कुठला हेच ठरायचे होते. आमचा मोठा बाजार कल्याणचा. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे येऊन पडली होती, १९४९ मध्ये त्याच छावणीला उल्हासनगर नाव मिळाले. जुलै १९४८ पासून पाकिस्तानातून यायला परवाना लागू लागला आणि १९५२ मध्ये दोन्ही देशांत ये-जा करायला पासपोर्ट आला. काल ज्या गावाला सासुरवाडीचे पाहुणे म्हणून लोक जात, ते परदेश झाले. मागे राहिलेला म्हातारा, उशिरा निघालेली बहीण, त्यांची किती पत्रे त्या छावणीत आली असतील.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. नागरिक कोण हे तिच्या ५ ते ११ या कलमांत आहे. ८ वे कलम मला चांगले वाटते. परदेशात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसाने तिथल्या आपल्या वकिलातीत नाव नोंदवले तर तो नागरिक. पण लगेच पुढे ९ वे कलम आहे. ज्याने आपखुशीने परक्या देशाचे नागरिकत्व घेतले तो नागरिक नाही. आता सांगा, खानखोज्यांनी मेक्सिकोचे नागरिकत्व घेतले ते आपखुशीने का? कायद्याच्या भाषेत होय. अर्ज त्यांनीच केला, सही त्यांचीच. पण ज्याच्या घराला बाहेरून कुलूप आहे तो शेजाऱ्याच्या ओसरीवर झोपला, तर त्याला तुम्ही 'आपखुशीने' म्हणाल? दोन देशांचे नागरिकत्व आपल्या घटनाकारांना नको होते, आणि फाळणीच्या त्या धुमाकुळात नको होते हे समजण्यासारखेही आहे. पण नियम सर्वांसाठी केला की त्यात असे एकटेदुकटे सापडतात. बाहेरून आलेल्या माणसाने नागरिक कसे व्हायचे याचा रीतसर कायदा ३० डिसेंबर १९५५ ला आला. म्हणजे मधली जवळजवळ सहा वर्षे घटना होती, देश होता, आणि त्या दाराला पायरीच नव्हती.

खानखोजे पन्नाशीच्या दशकात सहकुटुंब नागपूरला येऊन राहिले. वय सत्तरीच्या आसपास. ज्या मेक्सिकोत त्यांना मान होता, भिंतीवर चित्र होते, ते सोडून आले. इथे त्यांना ओळखणारे थोडे. बरोबरीचे फासावर गेलेले, उरलेले म्हातारे.

उलट टोकाचीही एक गोष्ट सांगतो. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. मार्च १९६२ च्या आदेशाने गोवेकर भारताचे नागरिक झाले, मात्र ज्याला जुने नागरिकत्व ठेवायचे असेल त्याने महिन्याच्या आत तसे लिहून द्यायचे होते. माँतेरो नावाच्या एका धर्मगुरूंनी लिहून दिले, मी पोर्तुगीज. त्यांना राहायचा परवाना मिळाला तो १९६४ च्या नोव्हेंबरपर्यंत. पुढे वाढवून मागायला ते गेले नाहीत. देश सोडा असा हुकूम झाला, तोही त्यांनी मानला नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते हरले. गोव्यात जन्मलेला माणूस गोव्यात परका. तिथे निदान निवड त्यांची होती. आज मात्र गोव्यातले कितीतरी तरुण युरोपात नोकरी मिळावी म्हणून आजोबांच्या जन्माच्या आधारे पोर्तुगालचा पासपोर्ट काढतात, आणि भारताचे नागरिकत्व गमावतात. पोटापुढे माणूस काय करील!

हे सगळे मोठ्या लोकांचे, दूरदेशीचे झाले असे कुणी म्हणेल. पण कागदाची गाठ खेड्यातही पडते. आमच्या मुरबाड-शहापूरच्या शाळांचे जुने हजेरीपट आणि दाखले काढून पाहा. निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जून! शाळा जूनमध्ये सुरू होते, ठाकर-कातकऱ्यांच्या घरी जन्माची नोंद नाही, बाप म्हणतो 'भात कापताना झाला', मग गुरुजी वय बघून साल धरतात आणि १ जून लिहितात. सगळीकडे हीच पद्धत होती. माझा एक ठाकर विद्यार्थी, दिवाळी झाली की आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायचा, तरी कसाबसा दहावी झाला. ड्रायव्हर झाला. पुढे त्याला आखातात नोकरीची संधी आली. पासपोर्टसाठी अर्ज केला तर दाखल्यावर नाव एक, रेशनकार्डावर दुसरे, आणि बापाचे नाव तिसऱ्याच तऱ्हेने. कचेरीतल्या साहेबांनी विचारले, 'यातला तू कोण?' चार महिने हेलपाटे झाले, तोवर नोकरी दुसऱ्याला गेली. तो माझ्या ओसरीवर बसून म्हणाला, "गुरुजी, माझी आजी, पणजी, सगळी याच डोंगरात मेली. आन् मीच कुठला ते मी सांगायचं?" त्याच्या डोंगरातूनच ती नाणेघाटाची वाट जाते. त्याला पुढच्या वर्षी पासपोर्ट मिळाला, तो गेला, चार वर्षे राहून घर बांधून परत आला. तेव्हा शेवट गोड. पण वेळेवर मिळाला असता तर त्याच्या धाकट्या बहिणीची शाळा सुटली नसती.

ज्यांना कुठलाच देश आपला म्हणत नाही त्यांच्यासाठीही कायद्यात थोडी सोय असते. पहिल्या महायुद्धानंतर नान्सेन या नॉर्वेच्या सज्जनाने देश गमावलेल्या रशियनांसाठी १९२२ मध्ये एक प्रवासाचा दाखला सुरू केला, 'नान्सेन पासपोर्ट' म्हणून तो प्रसिद्ध आहे. पुढे आर्मेनियन आणि इतरांनाही तो मिळाला. खानखोज्यांसारख्यांना मिळण्यातला तो नव्हता, कारण त्यांचा देश बुडालेला नव्हता, फक्त दुसऱ्याच्या ताब्यात होता. आपल्या पासपोर्ट कायद्यातही पासपोर्टाखेरीज ओळखीचा दाखला आणि तातडीचा दाखला असे दोन कागद आहेत. भारतात राहणारे तिबेटी ओळखीच्या दाखल्यावरच परदेशी जातात. तो कायदा १९६७ चा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परदेशी जाणे हा माणसाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, सरकारला वाटले म्हणून पासपोर्ट नाकारता येणार नाही. तोपर्यंत पासपोर्ट ही सरकारची मेहेरबानी समजत. निकालाला तीन महिने होते तेव्हा, जानेवारीत, खानखोजे नागपूरला वारले.

सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोच्या त्या शेती विद्यापीठात आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते खानखोज्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. बातमी वाचून मी दोन-चार जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. त्यांतले तिघे विचारते झाले, कोण खानखोजे? तिघेही इतिहास शिकवून निवृत्त झालेले. पाठ्यपुस्तकात गदरची जेमतेम एक-दोन वाक्ये असतात, त्यात हे नाव क्वचितच येते, तेव्हा त्यांचाही दोष नाही. त्यांच्या कन्येने, सावित्रीबाईंनी, इंग्रजीत वडिलांचे चरित्र लिहिले आहे. मराठीत वीणा गवाणकरांचे 'डॉ. खानखोजे : नाही चिरा...' आहे. 'एक होता कार्व्हर' घराघरांत पोहोचले, हे त्यामानाने कमी वाचले गेले. मी ते तिघांनाही पाठवले आहे, आळीपाळीने. सध्या ते सरळगावच्या गुरुजींकडे आहे आणि दोन महिने झाले, परत आलेले नाही. वाचत असावेत.